घरफाळ्याचे हप्ते : दया नको, लेखी अर्ज हवा

मार्च उजाडला की कोल्हापुरात घरफाळ्याच्या नोटिसा वस्त्यावस्त्यांत फिरू लागतात. थकबाकीचा आकडा डोळे पांढरे करतो, पण तो सगळा कराचा नसतो. महापालिका कायद्यानुसार थकलेल्या करावर दरमहा २ टक्के शास्ती चढते. पाच हजार रुपये पाच वर्षे थकले, तर शास्तीच सहा हजार होते. आमची माणसे नोटीस पत्र्याखाली खोचून ठेवतात, नाहीतर सावकाराचे दार ठोठावतात.

घरफाळा बुडवा, असे आम्ही सांगणार नाही. गटार, दिवा, नळ यांवर हक्क सांगायचा तर कर भरलाच पाहिजे. पण कायद्याच्या अधिकाराशिवाय कर वसूल करता येत नाही, हे संविधानाचे अनुच्छेद २६५ सांगते. म्हणून मूळ कर किती, शास्ती किती, हे आधी लेखी मागा. जमेल ती रक्कम भरा. उरलेल्या रकमेच्या हप्त्यांसाठी अर्ज द्या आणि पोच घ्या.

राष्ट्रीय लोकअदालतीतही अशी प्रकरणे तडजोडीने मिटतात. तिथला निवाडा दिवाणी हुकूमनाम्याइतकाच पक्का असतो, त्यावर अपील नाही. तेव्हा पेलेल एवढाच हप्ता कबूल करा. विधी सेवा प्राधिकरण कायदा, १९८७ च्या कलम १२ प्रमाणे अनुसूचित जातींना आणि महिलांना मोफत वकील मिळतो.

अभय योजनेची वाट पाहणे बड्या थकबाकीदाराला परवडते, मोलकरणीला नाही. हप्त्यांची सवलत साहेबांच्या ओळखीवर नको, जाहीर नियमावर हवी. बांधवांनो, ही मागणी घेऊन महापालिकेच्या दारात एकट्याने नव्हे, वस्तीने जा!