फळ चांगलं आहे, बाटलीवरचा मजकूर खोटा आहे

मंडळी, आज थोडी कबुली द्यायची आहे.

गेल्या हिवाळ्यात तालुक्याच्या कृषी प्रदर्शनात एका स्टॉलवर नारिंगी रसाच्या बाटल्या होत्या. शुगर, बीपी, सांधेदुखी, कॅन्सर, सगळ्यावर म्हणे एकच उपाय. मी दोन घोट प्यायलो, फोटो काढला आणि चार ओळींची बातमी देऊन मोकळा झालो. मथळ्यातला 'लडाखची संजीवनी' हा शब्द माझाच.

दोनेक महिन्यांनी कळलं, आमच्या आळीतल्या एका काकांनी ती बातमी वाचून बाटली आणली आणि शुगरच्या गोळ्या बंद केल्या. चक्कर येऊन पडले तेव्हा साखर चारशेच्या घरात होती. आता बरे आहेत. भेटायला गेलो तर त्यांनी उशाखालून माझ्या बातमीचं कात्रण काढून दाखवलं. रागावले नाहीत, हेच जास्त लागलं.

म्हणून जे तेव्हा करायला हवं होतं, ते आता केलं. माहिती काढली.

फळाचं नाव सी बकथॉर्न. लडाखमध्ये त्सेस्तालुलू, लाहौल-स्पितीत छरमा. नदीकाठच्या वाळूत वाढणारं काटेरी झुडूप. त्याची मुळं माती धरून ठेवतात, जमिनीला नत्र देतात. फळं वाटाण्याएवढी, आंबट. काट्यांमुळे तोडणीला हात सोलून निघतात. लेहमधल्या डीआरडीओच्या प्रयोगशाळेने यापासून पेय तयार केलं, २०२३ मध्ये लडाखच्या या फळाला जीआय मानांकनही मिळालं. म्हणजे फळ अस्सल आहे, यात वाद नाही.

गुणही आहेत. क जीवनसत्त्व संत्र्याच्या कितीतरी पट, शिवाय ई जीवनसत्त्व, कॅरोटीन आणि चांगली स्निग्धाम्लं. पण ताज्या फळात जे असतं, ते उकळून, पाणी-साखर घालून बाटलीत भरल्यावर तेवढंच राहत नाही. आणि क जीवनसत्त्वच हवं असेल, तर आपला आवळा कुठे कमी आहे?

औषध म्हणून काय? फिनलंडमध्ये सुमारे अडीचशे लोकांवर चाचणी झाली, २००८ साली प्रसिद्ध झाली. रोज हे फळ खाऊनही सर्दी-पडसं टळलं नाही. मधुमेह किंवा कॅन्सर याने बरा होतो, असा पुरावा नाही.

तेव्हा प्यायचंच असेल, तर एवढं पाळा:

१. गोळ्या बंद करू नका. डॉक्टरांना विचारल्याशिवाय एकही नाही.
२. रक्त पातळ होण्याची गोळी चालू असेल किंवा ऑपरेशन ठरलं असेल, तर आधी डॉक्टरांना सांगा. या फळाने रक्त गोठायला वेळ लागू शकतो.
३. शुगर-बीपीची औषधं घेणाऱ्यांनी, मूतखडा झालेल्यांनी आणि गरोदर बायकांनी विचारूनच घ्यावं.
४. ॲसिडिटी असेल तर उपाशीपोटी नको.
५. बाटलीमागचं बारीक अक्षर वाचा. साखर किती, फळाचा रस किती, एफएसएसएआयचा १४ आकडी नंबर आहे का. मात्र नंबर असला म्हणजे औषध झालं, असं नाही.

आणखी एक. मधुमेह, कॅन्सर बरा करतो अशी जाहिरात करायला १९५४ च्या कायद्यानेच बंदी आहे. तरी आपल्या जत्रेत, प्रदर्शनात, व्हॉट्सॲपवर ती राजरोस चालते. कारण तपासणारे फिरकत नाहीत आणि आमच्यासारखे पत्रकार न तपासता छापतात. पुढच्या प्रदर्शनात स्टॉल देण्याआधी आयोजकांनी आणि अन्न-औषध प्रशासनाने बाटल्यांवरचे दावे वाचावेत, ही मागणी मी लेखी देणार आहे.

या खोटेपणात लडाखच्या माणसाचंही नुकसानच आहे. काटे सोसून तो फळ तोडतो, आणि खोट्या दाव्यांपायी उद्या त्याच्या चांगल्या मालावरचाही विश्वास उडतो.

फळ म्हणून खुशाल चाखा. संजीवनी म्हणून नको. तो शब्द मी मागे घेतो.

घरात कुणी अशी बाटली आणली असेल, तर आज एकदा त्यांच्या गोळ्यांचा डबा उघडून बघा.