भावाची भाषा

गल्लीबोळात पाट्या लागल्यात. बिझनेस इंग्लिश शिका. सेल्स, निगोशिएशन, इंटरव्ह्यू. आपली पोरं पोटाला चिमटा काढून फी भरतायत. भरू देत. इंग्रजीच्या नावानं बोटं मोडणाऱ्यांच्या रांगेत मी उभा नाही. मायमराठीचे गोडवे गाणाऱ्यांची नातवंडं कुठल्या शाळेत जातात ते आपण रोज बघतो. आणि सावित्रीबाईंनी १८५४ च्या 'काव्यफुले'त शूद्र-अतिशूद्रांना इंग्रजी शिका म्हणून सांगितलं ते काय हौसेनं?

माझं भांडण वेगळंच आहे. या क्लासात शिकवतात काय? पुस्तकातला संवाद काढून बघा. एक विकणारा साहेब, एक घेणारा साहेब. मध्ये कॉफी. "कॅन यू डू बेटर ऑन द प्राइस?" "आय अ‍ॅम अफ्रेड, दॅट्स अवर बेस्ट ऑफर." थोडी ओढाताण, मग हात मिळवणं, संपला धडा. माल ज्यानं केला तो या संवादात कुठंच नाही. त्याला एक वाक्य नाही. आमच्या पोराला पाठ करायला लावतात ती दुसऱ्याचा माल दुसऱ्याला विकणाऱ्या नोकराची वाक्यं.

मी चांभाराच्या घरातला. आरी, रापी, कातड्याचा वास, हे माझं बालपण. व्यापारी जोडीचा भाव सांगायचा आणि आमचा बाप मान हलवायचा. मराठी दोघांनाही येत होती. पण भावाची भाषा एकट्या व्यापाऱ्याकडं होती.

हे आजचं नाही. इथल्या व्यापाऱ्यांची नंदभाषा नावाची गुप्त बोली होती. एकाला केवली, दोनाला अवारू, तिनाला उधानू. गिऱ्हाईक समोर बसलेलं असायचं आणि त्याच्या देखत त्याचा भाव ठरायचा, त्याला कळायचं नाही. गुरांच्या बाजारात दलाल रुमालाखाली बोटं दाबून सौदा करायचे. बैल शेतकऱ्याचा आणि भाव रुमालाखाली! आज रुमालाच्या जागी इंग्रजी आलंय. फरक एवढाच की नंदभाषा आपल्याला कुणी शिकवली नसती, इंग्रजीचं पुस्तक मात्र बाजारात मिळतं. म्हणून शिकायचं. पण शिकायचं ते आपल्या बाजूनं.

कोल्हापुरी चपलेचंच घ्या. २०१९ साली तिला भौगोलिक मानांकन मिळालं. कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर हे इकडचे चार आणि कर्नाटकातले चार असे आठ जिल्हे. २०२५ च्या जूनमध्ये मिलानला प्राडा कंपनीनं तसलीच चप्पल मांडली. कोल्हापूरचं नाव नाही, चर्मकाराचं तर नाहीच. बोंबाबोंब झाल्यावर कबुली आली. डिसेंबरात महाराष्ट्र आणि कर्नाटकच्या चर्मोद्योग महामंडळांशी करार झाला. २००० जोड, जोडीची किंमत ८०० युरोच्या आसपास, म्हणजे आपले ऐंशी हजारांवर रुपये, असं जाहीर झालं.

आता मला सांगा, त्या ८०० युरोतले आरी चालवणाऱ्या हाताला किती? हा प्रश्न टेबलावर इंग्रजीत कोण विचारणार? अधिकारी विचारील? त्याचा पगार जोडीवर नाही.

आणखी एक नीट समजून घ्या. मानांकनाचा कायदा राखतो ते नाव. चपलेचा आकार त्यात बांधला जात नाही, आणि आपल्या कायद्याचा हात देशाबाहेर पोचत नाही. म्हणजे 'कोल्हापुरी' हा शब्द हाच आपला माल आहे. तो शब्द पट्टीवर छापायचाय? मग त्याचा वेगळा भाव. हे वाक्य कुठल्या क्लासात शिकवतात?

शिकवायचंच तर हे शिकवा. पहिला धडा 'इफ'. "ओके सर, फाइव्ह पर्सेंट लेस" असं कधी म्हणायचं नाही. "इफ यू टेक फाइव्ह हंड्रेड पेअर्स, वुई कॅन गिव्ह फाइव्ह पर्सेंट." आधी अट, मग सूट. फुकट काही द्यायचं नाही, पिढ्यान्‌पिढ्या फुकटच दिलंय.

दुसरा धडा तीन अक्षरांचा. एफओबी म्हणजे माल बोटीवर चढेपर्यंतचा खर्च आपला. सीआयएफ म्हणजे पुढचं भाडं आणि विमाही आपल्या बोकांडी. आकडा तोच, अक्षरं बदलली की नफा खलास.

तिसरा धडा पैशाचा. 'नेट सिक्स्टी' म्हणजे बिलानंतर साठ दिवस वाट बघा. पोरं घरात काय खातील? २००६ चा सूक्ष्म-लघु उद्योगांचा कायदा सांगतो, देशातल्या घेणाऱ्यानं जास्तीत जास्त ४५ दिवसांत पैसे द्यायचे. नाही दिले तर बँक दराच्या तिप्पट दरानं चक्रवाढ व्याज. उद्यम नोंदणी करा आणि तोंडावर सांगा: "अ‍ॅज पर लॉ, फॉर्टी-फाइव्ह डेज."

चौथा धडा हिशोबाचा. कॉस्टिंगच्या कागदावर चामडं येतं, तळ येतो, दोरा येतो. वेणी घालणाऱ्या बाईचे तास येत नाहीत. घरचंच काम म्हणून गळतात. बोटं वाकडी झाली माझ्या आजीची, तिचा एक पैसा कुठल्या भावात धरला नव्हता. ते तास आधी लिहा, मग तोंड उघडा.

आणि तरीही इंग्रजीनं सगळं भागेल या भ्रमात राहू नका. बाबासाहेब परदेशातून अर्थशास्त्र शिकून आले. मुंबईत त्यांनी शेअर-रोख्यांच्या व्यवहारात सल्ला देणारी कंपनी काढली. सल्ला देणारा अस्पृश्य आहे असं कळल्यावर गिऱ्हाईक यायचं बंद झालं, कंपनी बंद पडली. त्यांच्या इंग्रजीत काय कमी होतं? सौदा मोडला तो जातीनं. आजही आडनाव विचारून भाव पाडणारे आहेत. तेव्हा भाषा हे हत्यार खरं, पण हत्यार धरणारा एकटा असला की घेरला जातोच.

पुस्तक म्हणतं, सौद्यातली मोठी ताकद म्हणजे उठून जाता येणं. बरोबर आहे. पण उठून कोण जाऊ शकतो? ज्याच्या कणगीत दाणे आहेत तो. ज्याला आज संध्याकाळी पीठ आणायचंय तो पडेल त्या भावाला जोड टाकून येतो, मग त्याला इंग्रजी येवो नाहीतर फ्रेंच. एका आळीतल्या पन्नास घरांनी एक दरपत्रक केलं आणि त्याखाली कुणी विकणार नाही असं ठरवलं, तरच त्या पन्नासांतला कुणीही टेबलावरून उठू शकेल.

म्हणून दोस्तांनो, क्लास लावा, पण तिथून थेट मॉलच्या दारात टाय बांधून उभं राहू नका. आठवड्यातली एक संध्याकाळ आपल्या आळीत या. कारागिरांना घेऊन बसा. मालाचा खर्च मांडा, बायकांचे तास धरा, दरपत्रक इंग्रजीत आणि मराठीत भिंतीवर लावा. पुढचा खरेदीदार येईल तेव्हा आपल्या बापाच्या शेजारी बसा आणि त्याच्या वतीनं बोला. "नो, सर. दिस इज अवर प्राइस." एवढं एक वाक्य आधी पाठ करा.