इंजिन बंद, उकळी सुरू

रात्री अकराच्या सुमारास पनवेलहून तळोजामार्गे आलेली गाडी शीळफाट्यावर चहाच्या टपरीजवळ थांबते. आत पाच माणसे, मागे सामान, एसी चालू आणि रस्ता मोकळा मिळाल्याने वेगही चांगला. इंजिन बंद होते आणि थोड्याच वेळात बॉनेटखालून गुडगुड आवाज येऊ लागतो. बॉनेट उघडून पाहावे, तर कूलंटच्या टाकीत बुडबुडे. गाडी चालताना तापमानाचा काटा मधोमध होता, कुठलाही दिवा लागला नव्हता. टपरीवरचा कुणी जाणकार लगेच निदान सांगून मोकळा होतो : ‘हेड गॅस्केट गेलं!’

टर्बो गाडीच्या बाबतीत हे निदान घाईचे आहे, आणि या घाईपायी धडधाकट इंजिन खोलले जाऊ शकते.

टर्बोचार्जर म्हणजे एकाच दांड्यावर बसवलेली दोन चाके. इंजिनातून बाहेर पडणारा धूर एक चाक फिरवतो, दुसरे चाक इंजिनात जादा हवा कोंबते. दांडा मिनिटाला लाखाहून अधिक फेरे घेतो आणि जोर लावलेल्या पेट्रोल इंजिनात धुराचे तापमान नऊशे अंश सेल्सिअसच्या आसपास जाते. दांड्याच्या बेअरिंगभोवती तेल आणि कूलंट खेळते, म्हणून तो टिकतो. इंजिन बंद केले की पट्ट्यावर चालणारा पाण्याचा पंपही थांबतो. तापलेले ओतीव लोखंड मात्र लगेच गार होत नाही. गॅस बंद केल्यावरही तव्यावर पाण्याचा थेंब चुर्र करतो, तसेच इथे होते. लोखंडातली उष्णता बेअरिंगच्या घरात शिरते आणि तिथे अडकलेले कूलंट उकळू लागते.

अभियंत्यांना हे ठाऊक असते. त्यामुळे काही गाड्यांत इंजिन बंद झाल्यावरही काही मिनिटे चालणारा छोटा विजेचा पंप असतो. काहींत नळ्यांची मांडणीच अशी असते, की गरम द्रव आपोआप वर चढतो आणि त्याची जागा गार द्रव घेतो. चावी काढल्यावरही पंखा घरघरत राहतो तो याचसाठी. बॅटरी उतरेल म्हणून त्याची वायर काढणारे महाभाग आहेत, त्यांना काय म्हणावे!

उकळी कुठल्या तापमानाला फुटेल, हे दाबावर ठरते. निम्मे पाणी आणि निम्मे ग्लायकॉल असे कूलंट उघड्यावर साधारण १०७ अंशांना उकळते. टाकीच्या झाकणाने सुमारे एक बार दाब धरून ठेवला, तर तेच कूलंट सव्वाशे अंशांच्याही पुढे टिकते. कुकरची शिट्टी ढिली असेल तर डाळ शिजत नाही. झाकणाचे रबर गेले तर कूलंट लवकर उकळते. एवढ्याशा झाकणाकडे सहसा कुणाचे लक्ष जात नाही.

आता त्याच टपरीवर दुसरी गाडी येऊ द्या. ही कल्याण-शीळ रस्त्यावरच्या कोंडीत पाऊण तास रांगत आली आहे. हिच्याही टाकीत जोरदार उकळी आहे, पण अर्थ वेगळा. रांगणाऱ्या गाडीत इंजिनावर ताण नसतो, त्यामुळे टर्बो फार तापलेला नसतो. इथे संशय जातो पंखा, जाळी बुजलेला रेडिएटर किंवा कमी झालेले कूलंट यांच्यावर. म्हणून गाडी तपासणाऱ्याने आधी विचारावे : थांबण्यापूर्वीची दहा मिनिटे गाडी कशी चालली होती? डॉक्टर आधी हकिगत विचारतात, तसेच.

त्यानंतरची तपासणी सकाळी, गाडी पूर्ण गार असताना. टाकीतली पातळी खुणेशी जुळते का? रोज थोडी घटत असेल तर गळती आहे. हातपंपाने दाब भरून तो टिकतो का, हे पाहता येते, आणि झाकणही त्याच उपकरणावर तपासता येते. विजेचा पंप असेल तर तो चालतो का? कूलंटऐवजी नळाचे पाणी तर भरलेले नाही? आणि खरोखर गॅस्केटचाच संशय असेल, तर बुडबुडे केव्हा येतात ते पाहावे. इंजिन चालू असताना सतत येत असतील, गार इंजिन सुरू केल्यावर मिनिटभरातच वरची नळी दगडासारखी टणक होत असेल, तर ज्वलनाचा वायू कूलंटमध्ये शिरतो आहे. टाकीतली वाफ एका निळ्या द्रवातून ओढून घेतात. तो पिवळा पडला तर संशय पक्का होतो. ही चाचणी काही मिनिटांची आहे. ती न करता हेड उतरवण्याचा खर्च ग्राहकाच्या माथी मारणे म्हणजे एक्स-रे न काढता ऑपरेशन करणे.

‘थर्मोस्टॅट काढून टाका, गाडी थंड राहील’ हा सल्ला तर हमखास मिळतो. थर्मोस्टॅट पंपाने ढकललेल्या प्रवाहाला वाट देतो. पंपच थांबलेला असताना होणाऱ्या उकळीवर तो काढून काय साधणार? उलट इंजिन नेहमी गार चालते, पेट्रोल जादा जाते आणि झीज वाढते. काट्यावरही भिस्त ठेवता येत नाही. तापमानाचा सेन्सर इंजिनात असतो, टर्बोच्या पोटात काय चालले आहे ते त्याला दिसत नाही.

चार मीटरपेक्षा आखूड आणि १२०० सीसीपर्यंतच्या पेट्रोल गाडीला आपल्याकडे कराची सवलत असल्याने छोट्या इंजिनाला टर्बो जोडलेल्या गाड्या आता घरोघरी आहेत. गाडीविक्रेत्याने गाडी ताब्यात देताना सीटकव्हरच्या बरोबरीने दोन वाक्ये याबद्दलही सांगायला हरकत नसावी : भरधाव आल्यावर शेवटचा किलोमीटर हलक्या पायाने चालवा, आणि गुडगुड ऐकू आली तर झाकणाला हात लावू नका.

दुसरे वाक्य जिवाशी संबंधित आहे. दाबाखाली सव्वाशे अंशांवर असलेले कूलंट झाकण सैल होताच एकदम उसळते आणि वाकून पाहणाऱ्याच्या तोंडावर, हातावर येते. फडके गुंडाळून हळूच उघडणेही धोक्याचेच. भाजलेच तर अंगठी, बांगड्या, घड्याळ लगेच काढून भाजलेल्या जागी वीस मिनिटे नळाचे साधे गार पाणी सोडावे. बर्फ, टूथपेस्ट, हळद काही लावू नये. चेहरा किंवा डोळे भाजले असतील तर पाणी मारत थेट रुग्णालय गाठावे.

उरलेले कूलंट पाण्याच्या रिकाम्या बाटलीत भरून ठेवू नये. त्यातले इथिलीन ग्लायकॉल चवीला गोड असते आणि पोटात गेल्यास मूत्रपिंडे निकामी करते. मुलाने घोटभर जरी प्यायले, तरी लक्षणांची वाट न पाहता, बाटली सोबत घेऊन, तातडीने रुग्णालयात न्यावे. त्यावर उतारा आहे, पण तो लवकर मिळावा लागतो.