बटण साहेबाचं असू द्या, कारण शेतकऱ्याला दिसू द्या!

परवा आपल्या भंडारा जिल्ह्यातल्याच एका धान खरेदी केंद्रावर बातमीसाठी गेलो होतो. एक म्हातारे शेतकरी ऑपरेटरला विचारत होते, "बाबू, धानाचा चुकारा कुठी अडकला?" पोरानं पोर्टल उघडलं, यादी खालीवर केली आणि म्हणाला, "पेंडिंग आहे, वरून येईल."

मी वाकून स्क्रीन पाहिली. कारण तिथंच लिहिलेलं होतं: बँक खातं जुळत नाही. एका पासबुकाच्या झेरॉक्सचं काम! तेवढ्यासाठी बाबांच्या तीन चकरा झाल्या होत्या. त्यांच्या हातात फक्त काट्याची पावती.

आता कुणी म्हणेल, सगळ्यांना सारखा मेनू कसा देणार? देऊच नका. मंजुरीचं, दुरुस्तीचं बटण अधिकाऱ्याकडेच हवं. नाहीतर व्यापाऱ्याचा धान दुसऱ्याच्या सातबाऱ्यावर कसा खपतो, ते आपल्या भागात कुणाला सांगायला नको. पण अधिकार वेगळा आणि माहिती वेगळी. माझ्याच पैशाची माहिती माझ्यापासून लपवून कोणती सुरक्षा होते?

आणि जमत नाही, हे तर सांगूच नका. महसूल खात्यानं करून दाखवलंय. फेरफार प्रमाणित करणं मंडळ अधिकाऱ्याच्या लॉगिनमध्ये, पण त्याची नोटीस 'आपली चावडी'वर कुणालाही दिसते, लॉगिन लागत नाही. बिनसहीचा सातबारा फुकट पाहता येतो, डिजिटल सहीचा १५ रुपयांत मिळतो. २०२१ पासून ई-पीक पाहणीत शेतकरी स्वतःच पीक नोंदवतो. पीक नोंदवायला त्याचा मोबाइल चालतो, मग चुकारा कुठं अडला ते पाहायला का चालू नये?

२०२५-२६ च्या खरिपात साधारण धानाचा हमीभाव क्विंटलला २३६९ रुपये. हे टीव्हीवर सगळ्यांना कळलं. पण स्वतःचे पैसे का थांबले, हे ज्याचे त्यालाच कळत नाही.

माहिती अधिकार कायदा २००५, कलम ४ वाचा. ज्याच्यावर निर्णयाचा परिणाम होतो त्याला कारण सांगणं, हे प्रशासनाचं काम आहे. अर्ज न करता, चकरा न मारता.

मागणी एकच. शेतकऱ्याच्या मेनूत दोन ओळी वाढवा: पैसे कुठं अडले आणि का अडले. मंजुरीचं बटण तुमच्याकडेच ठेवा, साहेब.

पटत असेल तर पुढे पाठवा. तुमचा चुकारा अडला असेल तर खाली लिहा.