फाळक्यांच्या गावात कोस्टर हवाच

पांडवलेण्यांच्या पायथ्याशी असलेल्या दादासाहेब फाळके स्मारकाचा कायापालट होणार, अशी बातमी पेपरात आली की माझ्या मोबाइलवर भाच्याचा आणि त्याच्या मित्रांचा एकच प्रश्न येऊन पडतो : ‘मामा, कोस्टर असेल का?’ बातमीत चित्रनगरी असते, संग्रहालय असतं, बाग असते, संगीत कारंजं असतं. कोस्टर नसतो. तरी पोरं विचारायचं सोडत नाहीत. त्यांचा प्रश्न पोरकट नाही, असं माझं स्पष्ट मत आहे. नाशिक महापालिकेने त्याचं उत्तर ‘हो’ असंच द्यायला हवं, आणि ते पुरत्या अभ्यासाने द्यायला हवं.

मी अंबडच्या एमआयडीसीत वेल्डिंगची तपासणी करतो. लोखंड कुठे थकतं, कसं थकतं, हे बघण्यात माझी नोकरीची वर्षं गेली. रोलर कोस्टरचं वेड मात्र त्याआधीचं, गोराईच्या एस्सेल वर्ल्डला शाळेची सहल गेली तेव्हापासूनचं. 1989 साली सुरू झालेलं ते उद्यान आता बंद आहे. आमच्या पिढीतल्या अनेकांनी पहिला कोस्टर पाहिला तो तिथेच, बोटीने खाडी ओलांडून. आज माझ्या भाच्याच्या पिढीला कोस्टर म्हणजे खोपोलीजवळचं इमॅजिका. 2013 साली तिथे ‘नायट्रो’ उभा राहिला. बोलिगर अँड माबिलार्ड या स्विस कंपनीचा, सुमारे 40 मीटर उंचीचा. गाडी सुटायच्या आधी पायाखालची फळी सरकते आणि पाय अधांतरी लोंबकळतात. नाशिकहून तिथे जायचं तर पहाटेच्या अंधारात द्वारका चौकातून निघावं लागतं. जून 2025 मध्ये समृद्धी महामार्गाचा इगतपुरी ते आमणे हा शेवटचा टप्पा खुला झाल्यापासून कसारा घाटाचा त्रास वाचतो, पण गाडीभाडं, टोल, तिकीट, जेवण धरलं की कारखान्यात रोजंदारी करणाऱ्या बापाला हे वर्षातून एकदाही परवडत नाही. नाशिकला नको, इमॅजिका आहेच की, असं म्हणणाऱ्यांनी हा हिशेब एकदा सिडकोतल्या एखाद्या घरात बसून मांडावा.

भाच्याच्या टोळीतल्या या मुलांची कोस्टरची वाट पाहण्याची रीत मी जवळून बघतो. ती बारावीला आहेत. कॉलेज रोडला क्लास सुटला की चहाच्या टपरीवर वह्या उघडतात, आणि शेवटच्या पानांवर रुळांचे आराखडे असतात. वळणावर रूळ किती कलता हवा, पहिल्या उतारानंतरची टेकडी किती बुटकी हवी, यावर त्यांची तासतास भांडणं चालतात. लूप पूर्ण गोल का नसतो, हे त्यांना पाठ आहे. गोल लूपमध्ये तळाशी माणसाच्या मानेवर फार भार येतो. म्हणून श्वार्झकोफ आणि श्टेंगेल या जर्मन अभियंत्यांनी 1976 साली कॅलिफोर्नियात ‘रेव्होल्यूशन’ उभारला तेव्हा लूपला वर निमुळता, थेंबासारखा आकार दिला. चढाच्या टोकानंतर गाडीला इंजिन ढकलत नाही, पुढचं सगळं गुरुत्वाकर्षणाचं काम. 40 मीटरवरून खाली येताना घर्षण सोडून दिलं तर ताशी सुमारे 100 किलोमीटर वेग यायला हवा, हे गणित माझ्या भाच्याने नायट्रोच्या रांगेत उभ्या उभ्या सोडवलं होतं. जगात कुठे नव्या कोस्टरचा पाया खोदला की या पोरांना त्याच दिवशी कळतं. रुळाचा पहिला तुकडा ट्रेलरवरून आला, पहिला खांब उभा राहिला, रिकामी गाडी पाण्याच्या बाहुल्या बसवून फिरवली, या सगळ्याचा ते उत्सव करतात. परदेशातल्या पोरांना हे कुंपणापलीकडून बघता येतं, आमच्या पोरांना पडद्यावर. इतक्या निष्ठेने अभियांत्रिकीची वाट बघणारी मुलं या शहरात असताना त्यांना ‘अभ्यास करा’ म्हणून हुसकावणं मला अन्यायाचं वाटतं.

आता मुख्य आक्षेपाकडे येतो. वारशाच्या जागी पाळणे कशाला, असं जाणती माणसं विचारतात. फाळके स्मारकासारख्या जागी गांभीर्य हवं, म्हणतात. मला वाटतं, या आक्षेपात फाळकेच नीट दिसलेले नाहीत.

धुंडिराज गोविंद फाळके 30 एप्रिल 1870 रोजी त्र्यंबकेश्वरी जन्मले आणि 16 फेब्रुवारी 1944 रोजी नाशकात गेले. मधल्या काळात ते छायाचित्रकार होते, मुद्रक होते, आणि ‘प्रोफेसर केळफा’ या नावाने, म्हणजे आपलंच आडनाव उलटं करून, जादूचे प्रयोगही करत होते. त्यांनी गिरगावात ख्रिस्ताच्या जीवनावरचा चित्रपट पाहिला तो तंबूत. 1912 मध्ये लंडनला जाऊन त्यांनी विल्यमसनचा कॅमेरा आणला. 3 मे 1913 ला ‘राजा हरिश्चंद्र’ मुंबईच्या कोरोनेशन थिएटरात लागला आणि त्याच वर्षी ते आपला संसार आणि स्टुडिओ घेऊन नाशकात आले. 1917 च्या ‘लंका दहन’मध्ये त्यांनी हनुमानाला आकाशात उडवलं. 1919 च्या ‘कालिया मर्दन’मध्ये त्यांच्या लहानग्या मुलीने, मंदाकिनीने, कृष्णाची भूमिका केली. पुराणातली गोष्ट लोकांना माहीतच होती. फाळक्यांनी तिला यंत्र जोडलं आणि माणसांना खुर्चीच्या काठावर आणून बसवलं. या माणसाच्या स्मारकात थरार असू नये, असं कुणी म्हणावं?

सिनेमा आणि पाळणा ही दोन्ही आपल्याकडे यात्रेच्या मैदानावरच वाढली. पूर्वी गावोगावच्या यात्रांत टुरिंग टॉकीजचा तंबू लागायचा आणि त्याच्या शेजारीच पाळणा. नाशकात नवरात्रात जुन्या आग्रा रोडला कालिकेची यात्रा भरते. आरतीला आलेली माणसं दर्शन घेऊन पाळण्याकडे वळतात, आणि त्यात कुणाला काही वावगं वाटत नाही. मी यात्रा सुरू व्हायच्या आधी तिथे जाऊन पाळणा उभा करणारी माणसं बघत बसतो. चार-सहा जण, हातात पान्हे, पायात साध्या चपला. आधी मधला खांब, मग एकेक आरा समोरासमोरच्या जोडीने चढवतात, म्हणजे तोल एका बाजूला जात नाही. बोल्ट बसला की त्याच्या भोकातून पिन घालतात, पिन वाकवतात, आणि मुकादम खाली उभा राहून प्रत्येक पिनेकडे बोट दाखवून मोठ्याने मोजतो. ही विद्या बापाकडून मुलाकडे आलेली आहे. वारसा म्हणून आपण दगड आणि ताम्रपट जपतो, तसा हाही जपायला हवा.

कोस्टरचा आणि कथेचा संबंधही नवा नाही. 1884 साली न्यूयॉर्कच्या कोनी आयलंडला लामार्कस थॉम्पसनने पाच सेंट तिकिटाची उतरत्या रुळांवरची गाडी सुरू केली. अवघ्या तीन वर्षांत, 1887 मध्ये, त्यानेच अटलांटिक सिटीत अशी गाडी बांधली जी अंधाऱ्या बोगद्यातून जाताना दोन्ही बाजूंना रंगवलेले, उजळलेले देखावे दाखवायची. म्हणजे लुमिएर बंधूंच्या सिनेमाच्याही आधी लोक गाडीत बसून हलती गोष्ट बघत होते. नेदरलँड्समधलं एफ्टेलिंग हे 1952 पासून परीकथा आणि लोककथांवर उभं असलेलं उद्यान. तिथे 2015 साली ‘बॅरन 1898’ हा कोस्टर आला, नायट्रो बनवणाऱ्याच कंपनीचा. गोष्ट एका खाणमालकाची. लोभापायी तो जमीन पोखरतो आणि डच लोककथांतल्या पांढऱ्या स्त्रिया त्याच्यावर कोपतात. गाडी काठावर क्षणभर थबकते आणि सरळ खाणीच्या तोंडात कोसळते. तिथल्या मुलांना आजीच्या गोष्टीतलं भूत अंगावर काट्यासकट भेटतं. आपल्याकडे इमॅजिकानेही एका ठिकाणी हे साधलं आहे. ‘राजासॉरस’ हा नर्मदेच्या खोऱ्यात सापडलेला आपला डायनासोर, आणि त्याच्या नावाची पाण्यातली सफर तिथे आहे. शिर्डीच्या साईतीर्थ उद्यानात ‘लंका दहन’चा खेळ आहे, खुर्च्या हलतात, वारा येतो. फाळक्यांनी शंभर वर्षांपूर्वी निवडलेला विषय नाशिकपासून दोन तासांवर आजही गर्दी खेचतो.

दुसऱ्या बाजूला वजन नाही, असं नाही. फ्रान्समधलं प्वी द्यू फू हे उद्यान एकही पाळणा न लावता, निव्वळ भव्य ऐतिहासिक प्रयोगांवर जगभर नावाजलं गेलं. आपल्या पुण्यात आंबेगावला बाबासाहेब पुरंदरे यांच्या कल्पनेतली शिवसृष्टी उभी राहते आहे, तीही त्याच वाटेने. शिवरायांच्या जागी मला तीच वाट योग्य वाटते. देवाच्या खांद्यावर बसवून तिकीट घेणंही मला पटणार नाही. म्हणून फाळके स्मारकातला कोस्टर हनुमानाचा नसावा, फाळक्यांच्या स्टुडिओचा असावा. सतत चित्रपट पाहून त्यांची दृष्टी काही काळ गेली होती. सुरुवात त्या काळोखातून करावी. गाडी साखळीवर चढू लागते तेव्हा मागे घसरू नये म्हणून लावलेल्या खिटीचा टक-टक-टक आवाज येतो. हाताने फिरवायच्या जुन्या कॅमेऱ्याचाही असाच एका लयीत आवाज यायचा, एका फेऱ्यात आठ चित्रं. तो आवाज आणि हा आवाज एकात मिसळावा, वर पोचल्यावर झोत पडावा, आणि गाडी फाळक्यांच्या सेटमधून सुटावी : रंगवलेले पडदे, अर्धवट रथ, तारेवर टांगलेला नट, हिशेबाच्या वह्या घेऊन बसलेल्या सरस्वतीबाई. पत्नीने दागिने मोडायला दिले नसते आणि कुटुंबासह सारी मंडळी राबली नसती तर पहिला चित्रपट झाला नसता, हे पोरांना तिथे कळेल.

हा कोस्टर बंदिस्त इमारतीतच हवा, आणि त्याला कारण आहे. वरची पांडवलेणी केंद्र सरकारच्या पुरातत्त्व खात्याच्या संरक्षणात आहेत. कायद्यातल्या 2010 च्या दुरुस्तीनंतर अशा स्मारकाच्या हद्दीपासून 100 मीटरपर्यंत नवं बांधकाम करता येत नाही, आणि त्यापुढच्या 200 मीटरमध्ये परवानगी लागते. तिसऱ्या लेण्यात गौतमी बलश्रीने आपल्या मुलाचा, गौतमीपुत्र सातकर्णीचा, पराक्रम कोरून ठेवला आहे, त्या डोंगराच्या रेषेवर लोखंडी कमान दिसू नये. शेजारी बुद्धविहार आहे, तिथे माणसं ध्यानाला बसतात. किंकाळ्या तिथे पोचता कामा नयेत. इमॅजिकातला ‘डीप स्पेस’ असा छपराखाली, अंधारात धावतो. 15-18 मीटरच्या छपरात उत्तम कौटुंबिक कोस्टर बसतो, आणि अंधारात 15 मीटरही पुरेसे असतात. सिनेमाला वाहिलेल्या जागेला अंधार शोभतो. किमान उंचीची अट अशी ठेवावी की चौथीतलं पोर आईसोबत बसेल. सिटीलिंकची बस दारापर्यंत जावी, आणि महापालिका शाळांसाठी आठवड्यातला एक दिवस राखून ठेवावा.

आता माझ्या कामाची गोष्ट, आणि यावर मी तडजोड मानणार नाही. जुलै 2019 मध्ये अहमदाबादच्या कांकरियाला झुलता पाळणा मोडून पडला आणि दोघांचा जीव गेला. लोखंड अचानक तुटत नाही, ते आधी सांगतं. वेल्डच्या कडेला तडा जातो तेव्हा तो डोळ्याला दिसत नाही. आम्ही भाग घासून पुसून स्वच्छ करतो, त्यावर लाल द्रव फवारतो, दहा-पंधरा मिनिटं थांबतो, कापडाने पुसून घेतो आणि वर पांढरी भुकटी मारतो. पांढऱ्यावर लाल रेघ उमटली की तो भाग बाद. या तपासणीला फार खर्च येत नाही. माणूस लागतो, आणि ‘आज राइड बंद’ असं म्हणायचा अधिकार त्या माणसाला लागतो. युरोपात ईएन 13814 हे मानक आहे, भारतीय मानक ब्युरोनेही या खेळांसाठी मानकं ठरवून दिली आहेत. नाशकात वेल्ड तपासणाऱ्यांची वानवा नाही. ओझरला एचएएल विमानं बांधतं, सातपूर-अंबडला शेकडो कारखाने आहेत. इथल्या आयटीआयमध्ये राइड-देखभालीचा वर्ग निघाला तर माझ्या भाच्याच्या टोळीतले दोघे पहिल्या दिवशी रांगेत असतील.

देखभालीला पर्याय नाही, हेच फाळके स्मारकाचा आजवरचा अनुभव सांगतो. बांधायला उत्साह होता, वॉटर पार्क झाला, कारंजी झाली, आणि मग देखभाल मागे पडत गेली. सिंहस्थासाठी 2027 पर्यंत शहरात मोठी कामं होणार आहेत. त्या घाईत स्मारकाची निविदा निघाली तर तिच्यात उभारणीइतकीच जागा देखभालीला असावी. पुढच्या 15 वर्षांच्या सुट्या भागांची तरतूद निविदेतच हवी. दरवर्षी गाडी पूर्ण उकलून तपासायला महिनाभर राइड बंद ठेवण्याची अट हवी. तपासणी करणारी संस्था ठेकेदाराने नेमलेली नको, पालिकेने नेमलेली हवी. शेवटच्या तपासणीची तारीख, तपासणाऱ्याचं नाव आणि काय बदललं ते मराठीत लिहून रांगेच्या तोंडाशी लावावं. आणि ठेकेदार बदलला तरी राइडचं लॉगबुक पालिकेच्याच कपाटात राहील, हे करारात पहिल्या पानावर लिहून घ्यावं.