ताप लपवणं हे तप नाही



आज जे लिहिते आहे ते काहींना आवडणार नाही, हे मला ठाऊक आहे. तरी लिहिते. कारण मागच्या आठवड्यात आपल्याच ओळखीतल्या एका ताईंचा फोन आला होता. त्यांची केमो सुरू आहे आणि त्या मला विचारत होत्या, "यंदा अठ्ठाई नाही जमणार, पण तेला तरी करू का? सगळे म्हणतात, तपाने कर्म जळतील."

मी त्यांना माझीच गोष्ट सांगितली. तीच इथे सांगते.

दोन वर्षांपूर्वी मला स्तनाचा कॅन्सर निघाला. ऑपरेशन झालं, मग केमो. केमोला आम्ही अमळनेरहून नाशिकला जायचो. धुळे, मालेगाव करत गाडीने चार तास. पहिल्याच दिवशी डॉक्टरांनी एक कागद हातात दिला होता. ताप १००.४ झाला की रात्र असो की दिवस, लगेच फोन करा, घरी थांबू नका. सूनबाईने तो फ्रिजवर चिकटवला होता. येता-जाता मीही तो वाचत होते.

तिसऱ्या केमोच्या नवव्या दिवशी, पर्युषणाच्या चौथ्या संध्याकाळी, प्रतिक्रमणाला बसले आणि अंगात थंडी भरली. ताप आहे हे मला कळलं. पण सूर्य मावळला होता आणि चौविहाराचं पच्चक्खाण घेतलेलं होतं. फोन केला की गोळी येणार, पाणी येणार, दवाखान्यात जावं लागणार. मी काही बोलले नाही. पांघरूण घेऊन झोपले.

याचं खरं कारणही सांगते, नाहीतर हा लेख खोटा होईल. दोन दिवस आधीच स्थानकात चार जणींत माझं कौतुक झालं होतं. "केमो चालू असूनही चौविहार सोडला नाही, धन्य आहे बाई!" ते कौतुक मला गोड लागलं होतं. ते मला गमवायचं नव्हतं.

दुसरा दिवसही मी "थकवा आहे" म्हणून काढला. तिसऱ्या दिवशी सकाळी भांड्यांच्या मावशी आल्या. हातातून पातेलं घेताना त्यांचा हात माझ्या हाताला लागला आणि त्या तिथेच थांबल्या. "माय, तुले ताप शे!" त्यांनी सूनबाईला हाक मारली. थर्मामीटरवर १०२.६. कोरोनात घेतलेलं ऑक्सिमीटर कपाटातून काढून बोटाला लावलं. ८४. एरवी ते ९५च्या वर असतं.

आधी धुळ्याला नेलं. तिथे ऑक्सिजन लावला, रक्त घेतलं, अँटिबायोटिक सुरू केलं आणि मग नाशिक. दोन्ही फुप्फुसांत न्यूमोनिया होता. केमोनंतर साधारण सात ते चौदा दिवसांत पांढऱ्या पेशी सगळ्यात कमी होतात, आणि मला ताप आला तो नेमका त्याच दिवसांत. जंतूंशी लढणाऱ्या ज्या पेशी दीड-दोन हजारांच्या वर हव्यात, त्या माझ्या दोनशे होत्या. अशा वेळी औषध तासाभरात सुरू व्हावं लागतं. मी दोन रात्री आणि एक दिवस घालवला होता.

अकरा दिवस आयसीयूत होते. तोंडावर घट्ट मास्क, मशीन जोराने हवा आत ढकलतं. लहानपणापासून नवकार म्हणणारी मी, पण नवकाराचं पहिलं पदही एका श्वासात पुरं होईना. त्या मास्कमध्ये मला माझ्या चौविहाराचं पुण्य आठवलं नाही. आठवली फक्त फ्रिजवरची ती चिठ्ठी.

आता माझं म्हणणं सांगते.

पच्चक्खाण आपण रोज घेतो, पण त्यात काय म्हणतो ते ऐकतो का? पच्चक्खाणाच्या पाठातच आगार आहेत, म्हणजे सवलती. त्यातला एक सर्वसमाधीचा. आजाराने जीव इतका कासावीस झाला की समाधी टिकणार नाही, तेव्हा औषध घेतलं तर पच्चक्खाण मोडत नाही. हा आगार कुठल्या डॉक्टरने घातलेला नाही. तो पाठातच आहे आणि आपण तो दर वेळी तोंडाने म्हणतो. मग आजारी बाईने रात्री गोळी घेतली की "चौविहार सोडला का?" असं विचारणाऱ्या आपण कोण?

"असाता वेदनीयाचा उदय आहे, समभावाने सोसा," असंही सांगतात. सोसणं आलंच, कॅन्सर न सोसता जातो कुणाचा? पण भगवती सूत्राच्या पंधराव्या शतकातला प्रसंग आपण व्याख्यानात किती वेळा ऐकला आहे. गोशालकाच्या तेजोलेश्येनंतर भगवान महावीरांना दाहज्वर झाला, रक्त पडू लागलं. सिंह अणगार रडले. भगवंतांनी त्यांना मेंढिक गावात रेवतीच्या घरी पाठवलं आणि तिच्याकडचा बिजोरा पाक आणवून घेतला. तीर्थंकरांनी औषध घेतलं, तेही एका गृहिणीच्या स्वयंपाकघरातलं. आणि ते देणाऱ्या रेवतीने तीर्थंकर नामकर्म बांधलं. भगवंतांनी "कर्माचा उदय आहे" म्हणून औषध नाकारलं नाही. मग आपण त्यांच्याहून मोठे तपस्वी झालो का?

तिसरी गोष्ट सगळ्यात कडू आहे. मी मास्कवर असताना बाहेर व्हरांड्यात एका नातेवाईकांनी विषय काढला, "सागारी संथारा तरी देऊन टाका, गती सुधारेल." आमचे हे गप्प राहिले, त्यांना काही सुचलं नाही. उत्तर दिलं माझ्या सासूबाईंनी. वय ७८, रोज दोन सामायिक करणाऱ्या. त्या म्हणाल्या, "संथारा उपाय संपल्यावर असतो. हिचं औषध चालू आहे. तुम्ही घरी जा."

२०१५ साली राजस्थान उच्च न्यायालयाने संथाऱ्याला गुन्हा ठरवलं, तेव्हा गावोगाव आपण मूक मोर्चे काढले. ३१ ऑगस्टला सर्वोच्च न्यायालयाने त्या निकालाला स्थगिती दिली. तेव्हा आपण जगाला काय सांगत होतो? संथारा म्हणजे आत्महत्या नाही, इलाज उरला नाही तेव्हा स्वतःच्या इच्छेने, जाणतेपणी घ्यायचं ते व्रत आहे. मग इलाज चालू असलेल्या, बोलूही न शकणाऱ्या बाईसाठी तो शब्द दुसऱ्याने काढायचा कसा? असं करून आपण त्या व्रताची किंमत कमी करतो.

आणि आता आपल्या तपाबद्दल. तपाचे बारा भेद आपण पाठशाळेत पाठ केले. सहा बाह्य, सहा आभ्यंतर. उपवास बाह्य तपात आहे. वैयावच्च, म्हणजे आजाऱ्याची सेवा, आभ्यंतर तपात. पण मिरवणूक कशाची निघते? माझ्या जाऊबाईंची त्या वर्षी अठ्ठाई चालू होती. पाच उपवास झाले होते. मला धुळ्याला न्यायचं ठरलं त्या सकाळी त्यांनी नवकारसी येताच पारणं केलं आणि गाडीत बसल्या. उपवासात रात्रभर जागता येणार नाही, म्हणाल्या. नाशिकला अकरा रात्री त्या बाकावर झोपल्या. नंतर त्यांना काय ऐकावं लागलं? "अगं, तीनच दिवस राहिले होते!" त्यांचा सत्कार झाला नाही, साडी नाही, मिरवणूक नाही. मी म्हणते, आमच्या घरात त्या वर्षी सगळ्यात मोठं तप जाऊबाईंचं झालं.

आमचे हे, ज्यांना चहाही करता येत नव्हता, ते मुगाचं वरण आणि मऊ भात करायला शिकले. सूनबाईने वही घातली. सकाळ, दुपार, रात्र ताप आणि ऑक्सिजन लिहायचा, मी "बरी आहे" म्हटलं तरी लिहायचा. माझ्या शब्दावर तिने पुन्हा विश्वास ठेवला नाही आणि बरोबर केलं. सासूबाई दारात खुर्ची टाकून बसायच्या. साता विचारायला येणाऱ्यांना तिथूनच "साता आहे" सांगून परत पाठवायच्या. काहींना राग आला. येऊ दे.

साता विचारणाऱ्यांना माझा एक प्रश्न आहे. वायुकायाच्या जिवांची हिंसा नको म्हणून आपण मुहपत्ती बांधतो. मग पांढऱ्या पेशी संपलेल्या बाईच्या उशाशी बसून, सर्दी-खोकला घेऊन, उघड्या तोंडाने तासभर बोलताना त्या पंचेंद्रिय जिवाची दया कुठे जाते? उकळलेलं पाणी, ताजं अन्न, शिळं नको, तोंडावर वस्त्र. केमोच्या डॉक्टरांनी हेच सांगितलं होतं, आणि हे तर आपल्याकडे पिढ्यान् पिढ्या आहे. जे कामाचं आहे ते आपण सोडतो आणि जे जिवावर बेतेल ते धरून बसतो.

"तुम्ही धर्म ढिला करता," असं कुणी म्हणेल. नाही हो. आज मी पुन्हा चौविहार करते, रोज करते. श्वास परत आला म्हणून करू शकते. स्थानकाचा जिना चढायला मला पाच महिने लागले. पुढच्या केमोंना पांढऱ्या पेशी वाढवायचं इंजेक्शन दिलं आणि उपचार पुरा झाला. आचार्य आनंदऋषीजी म.सा. यांच्या नावाने नगरला आपल्याच समाजाने हॉस्पिटल उभं केलं आहे. ते काय धर्म सोडून केलं?

म्हणून ज्यांच्या घरी उपचार चालू आहेत त्यांनी एवढं करा. थर्मामीटर आणि ऑक्सिमीटर उशाशी ठेवा. १००.४ ताप किंवा ९४च्या खाली ऑक्सिजन म्हणजे लगेच फोन. आधी पॅरासिटामॉल देऊन ताप उतरवू नका, त्याने ताप झाकला जातो आणि आतलं दुखणं वाढत राहतं. नाशिक-मुंबई दूर आहे, म्हणून कॅन्सरच्या डॉक्टरांकडून एक चिठ्ठी लिहून घ्या. ती दाखवली की जवळच्या दवाखान्यात औषधाचा पहिला डोस लगेच सुरू होईल. फुप्फुसाला फक्त जंतूच धरतात असंही नाही. काही औषधांनी सूज येते. छातीला रेडिएशन झालं असेल तर ते संपल्यावर महिना ते तीन महिन्यांनी, कधी सहा महिन्यांनीही, कोरडा खोकला आणि दम सुरू होतो. एक पाय सुजला आणि अचानक धाप लागली तर रक्ताची गाठ फुप्फुसात गेलेली असू शकते. "हवा बदलली" म्हणून काढा देत बसू नका.

आणि त्या ताईंना मी काय सांगितलं? म्हटलं, यंदा तुमचं तप औषधाचं. वेळेवर गोळी, वेळेवर पाणी आणि ताप आला तर खरं बोलणं. बाकीचं तप घरच्यांना करू द्या. आभ्यंतर तप आहे ते, त्यांचीही निर्जरा होईल.

कुणाचं मन दुखावलं असेल तर मिच्छामि दुक्कडम्. पण शब्द मागे घेत नाही.