आरोग्यचर्चा : प्रोस्टेटची शस्त्रक्रिया आणि नाजूक मज्जातंतू

प्रोस्टेटच्या कर्करोगाविषयी आपल्या घरांतून बोलणे होते ते दबक्या आवाजात. शस्त्रक्रियेनंतर वैवाहिक आयुष्याचे काय होते, हा प्रश्न तर पतिपत्नीही एकमेकांस विचारीत नाहीत. सुज्ञ वाचकांनी हा संकोच निदान एका पानापुरता बाजूस ठेवावा.

अक्रोडाएवढी ही ग्रंथी मूत्राशयाखाली असते. बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्स रुग्णालयात 1904 साली ह्यू हॅम्प्टन यंग यांनी कर्करोगासाठी ती समूळ काढली. पुढे पाऊणशे वर्षे अशा शस्त्रक्रियेने रोग जाई, पण बहुधा कामशक्तीही जाई. मज्जातंतू ग्रंथीतूनच जातात, तेव्हा ते वाचणार कसे, असा समज होता. 1981 साली त्याच रुग्णालयाचे पॅट्रिक वॉल्श हॉलंडमधील लायडेन येथे गेले. तेथे निवृत्त प्राध्यापक पीटर डाँकर मृतजात अर्भकाच्या शरीराचे विच्छेदन करीत. प्रौढाच्या देहात चरबीआड हरवणारे ते सूक्ष्म तंतू येथे स्पष्ट दिसत होते, आणि ते ग्रंथीच्या वेष्टनाबाहेरून, दोन्ही अंगांनी जात होते! 26 एप्रिल 1982 रोजी वॉल्श यांनी ते हेतुपुरस्सर राखून पहिली शस्त्रक्रिया केली.

यंत्राचे युग त्यानंतरचे. डेट्रॉइटमध्ये मणी मेनन या भारतात शिकलेल्या शल्यविशारदांनी 2001 पासून यंत्रसाहाय्यित पद्धत रूढ केली. ‘रोबो’ शब्दाने बिचकण्याचे कारण नाही. तो स्वतः काहीच ठरवीत नाही. शल्यविशारद काही पावलांवर बसून तो चालवितो. त्याला आतील दृश्य कित्येक पट मोठे व खोलीसह दिसते, हाताचा कंप गाळला जातो. तथापि तंतूंना ताण किंवा विद्युत्‌शस्त्राची धग लागली तर इजा होतेच. यंत्रापेक्षा चालविणाऱ्याचा अनुभव मोलाचा, असे माझे स्पष्ट मत आहे.

आणि प्रत्येकाचे तंतू राखता येतातच असे नाही. रोग वेष्टनाबाहेर सरकला असेल तर त्या बाजूचे तंतू काढावे लागतात. दुसरी बाजू कधी वाचते. शस्त्रक्रिया चालू असतानाच काढलेल्या ग्रंथीची कड सूक्ष्मदर्शकाखाली तपासून हा निर्णय घेण्याच्या पद्धतीची ब्रिटनमध्ये चाचणी झाली. 2025 साली प्रसिद्ध झालेल्या तिच्या निष्कर्षांत, एक वर्षानंतर कामशक्ती बरीचशी टिकलेल्यांचे प्रमाण नेहमीच्या पद्धतीत 23 टक्के, तर या पद्धतीत 39 टक्के आढळले. म्हणजे उत्तम व्यवस्थेतही निम्म्याहून अधिकांना अडचण राहिली, हेही लक्षात असू द्यावे.

तंतू वाचले तरी ते सुन्न पडतात. सावरायला दीड-दोन वर्षे लागू शकतात. वय व मधुमेह आड येतात, आणि ‘सुरतचे जेवण’ मिरविणाऱ्या आपल्या गावात मधुमेहाविषयी वेगळे सांगणे नको! लघवीवरचा ताबा सहसा आधी परततो.

मूत्ररोगांसाठी प्रसिद्ध असलेले मूळजीभाई पटेल रुग्णालय बडोद्यापुढे नडियादला 1978 पासून आहे. सल्ला कोठेही घ्या, पण पत्नीला बरोबर न्या आणि दोघांनी मिळून विचारा : माझा रोग वेष्टनाच्या आत आहे का? कोणत्या बाजूचे तंतू राखणार? आपण स्वतः अशा किती शस्त्रक्रिया केल्या आहेत, आणि त्या रुग्णांचे वर्षानंतर काय झाले?